खोटं पाणी

मार्चचा दुसरा आठवडा होता. मँचेस्टरच्या लेव्हनश्युम भागातल्या एका विटांच्या घरात, पुढच्या खोलीच्या रेडिएटरवर, केक भाजायच्या मोठ्या ट्रेमध्ये माती वाळत पडली होती. शहात्तर वर्षांचे विलासभाऊ मेश्राम दर तासाने खुर्चीवरून उठत, मातीला बोट लावून बघत आणि परत बसत. माती अजून ओलीच होती. तिला भेगा पडल्याशिवाय प्रयोग लागणार नव्हता, आणि प्रयोगाला फार दिवस उरले नव्हते.

त्यांची बायको सिंधू सहा दिवसांपासून हॉस्पिसमध्ये होती. पोटाचा कॅन्सर. आता आठवड्यांची भाषा सोडा, दिवसांची धरा, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं होतं. सिंधूने स्वतः सदतीस वर्षं इथल्याच वॉर्डांमधून नर्सची नोकरी केलेली. लोकांना हेच वाक्य तिने किती वेळा, किती मऊ करून सांगितलं असेल! तिला कोणी काही समजावण्याची गरजच नव्हती.

सोमवारी दुपारी मॉर्फीनच्या झापडीतून ती जागी झाली. विलासभाऊ उशाशी होते.

"काय करून राहिले जी?"

"बसलो आहे. तुझ्यापाशी."

"ते पाणी राहूनच गेलं."

"पाणी पाहिजे? थांब, देतो."

"प्यायचं नाही हो. त्या सिनेमातलं." तिने ओठ ओले केले. "खोटं केलं होतं तुम्ही. एकदा खरं करून ऐकवा. मी आहे तोवर."

एवढं बोलून ती पुन्हा झोपली. आणि विलासभाऊ तसेच उठले, दोन बस बदलून एका ओळखीच्या माणसाच्या भाजीच्या वाफ्यावर गेले, आणि पिशवीभर चिकणमाती घेऊन घरी आले.

आता हे पाणी कुठलं आणि ते खोटं कसं, हे सांगायचं तर पन्नास वर्षं मागे, विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीत जावं लागेल.

भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या त्या धानाच्या मुलखात हिवाळा आला की गावोगाव नाटकं लागतात. बैलांच्या शर्यती दिवसा, नाटक रात्रभर. विलासभाऊ तिथल्या एका मंडळीत होते, पण तोंडाला रंग लावून नव्हे. ते पडद्यामागचे. विजेला पत्रा, घोड्याला नारळाच्या करवंट्या, आगीला वाळकी पानं, समुद्राला सुपातली ज्वारी. नायकाच्या एंट्रीला टाळ्या पडायच्या त्यातल्या अर्ध्या ह्या माणसाच्या हाताच्या असत. पण टाळ्या कुठे वाटून देता येतात?

त्र्याहत्तर सालच्या माघात लाखांदूरकडच्या एका गावी प्रयोग झाला. प्रयोग संपल्यावर एक मुलगी सरळ पडद्यामागे आली. नागपूरला नर्सिंग शिकणारी, सुटीवर घरी आलेली.

"घोडा तुम्ही वाजवला का?"

"हो." विलासभाऊ कौतुक ऐकायला सावरून बसले.

"खोटा होता."

"काय?"

"तो राजपुत्र म्हणते, मी चिखलातून दौडत आलो. अन् टापा वाजल्या फरशीवर! आमच्या गावात फरशी एकाच घरी हाय, पाटलाच्या."

दुसऱ्या रात्री शेजारच्या गावी प्रयोग होता. विलासभाऊंनी करवंट्यांखाली ओलं पोतं अंथरलं. ती मुलगी चार कोस चालून आली होती. समोर बसली नाही. पडद्यामागे येऊन, डोळे मिटून उभी राहिली. टापा आल्या, चिखल उडवत, जड, दमलेल्या. तिने डोळे उघडले आणि एकच शब्द म्हणाली, "आलं."

पुढल्या वर्षी त्यांचं लग्न झालं. आणि तेव्हापासून घरात हा रिवाजच पडला. विलासभाऊ दाराआड आवाज काढायचे, सिंधू डोळे मिटून ऐकायची, आणि निकाल दोनच शब्दांत लागायचा. एक तर "खोटं", नाही तर "आलं". मधलं काही नाही. "चालेल", "बरं आहे" असले शब्द तिच्या कोशात नव्हते.

सत्याहत्तर साली सिंधूला मँचेस्टरच्या इस्पितळात नोकरी मिळाली. नर्सबाईंचा नवरा म्हणून विलासभाऊ मागोमाग आले, बॅगेत दोन शर्ट आणि एक सूप घेऊन. विमानतळावरच्या साहेबाने ते सूप उलटसुलट करून पाहिलं होतं. पहिली काही वर्षं ते बिस्किटांच्या कारखान्यात होते. मग अँकोट्समधल्या एका जुन्या कापडगिरणीत आवाजाचा स्टुडिओ होता, तिथे झाडलोटीला लागले.

त्या स्टुडिओत चित्रपटांना आवाज लावत. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ, सगळं पडद्याकडे बघत हाताने करायचं. ह्या कामाला तिकडे फोली म्हणतात. विलासभाऊंना त्या शब्दाचं हसू आलं. हा आपलाच धंदा, फक्त टोपी घातलेला! एके दिवशी तिथले दोन कारागीर चिखलातून बाहेर येणाऱ्या पाणघोड्यापुढे हात टेकून बसले होते. सकाळपासून जमत नव्हतं. विलासभाऊंनी हातातलं ओलं फडकं बादलीत बुडवलं, चामड्याच्या जुन्या पिशवीत कोंबलं, आणि पिशवी दाबून, थांबून, सोडून दिली. खोलीत पाणघोडा उभा राहिला.

"हू द हेल आर यू?" त्यातला थोरला, जेफ्री, म्हणाला.

"झाडूवाला," विलासभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला.

चौऱ्याण्णव साली स्टुडिओकडे मोठं काम आलं. आफ्रिकेतल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुजावर चार भागांची मालिका. नदी म्हटली की समुद्राला मिळायची. ही मिळत नाही. वर अंगोलाच्या डोंगरात पाऊस पडतो, ते पाणी महिनोन्महिने चालत चालत बोत्स्वानाच्या वाळवंटात येतं, हाताच्या पंजासारखं पसरतं, आणि तिथेच वाळूत अन् उन्हात संपतं. आणि गंमत बघा, ते पोचतं कधी? ऐन कोरड्या हंगामात. आभाळात ढगाचा ठिपका नाही, गवत करपलंय, हत्ती धूळ हुंगतायत, आणि पाणी येतं. दूरच्या कुणाच्या तरी पावसाचं.

चित्रं आली ती सगळी मुकी. पाव मैलावरून लांब भिंगाने टिपलेली. तिथवर माइक पोचणार कसा? पक्ष्यांचे, बेडकांचे काही आवाज टेपवर आले होते. बाकी सगळा त्रिभुज विलासभाऊंनी अँकोट्सच्या तिसऱ्या मजल्यावर उभा केला. पोरांच्या पोहायच्या रबरी हौदात गमबूट घालून ते पाणथळीतल्या लेचवे जातीच्या हरणांचा अख्खा कळप पळवत. पपायरसच्या उंच लव्हाळ्यांना जुन्या कॅसेटींची उलगडलेली फीत. मगर पाण्यात सरकायची ती ओल्या पट्ट्याची. पाणी उतरू लागलं की मोठे मासे टोळीने लव्हाळ्यात शिकार करतात, शेपट्या आपटत. त्याला ओले हातमोजे.

रात्रपाळी नसेल तेव्हा सिंधू स्वयंपाकघरात बसून परीक्षा घ्यायची. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी विलासभाऊंनी कोबीच्या ओल्या पानावर दोन बोटांनी चालवला, तेव्हा ती उडालीच.

"आलं! अहो, हा तर आमच्या गावच्या तलावात होता."

"तिकडं ह्याचा बाप पिल्लं सांभाळते. पंखाखाली घेऊन पळते. खाली नुसते पिल्लांचे पाय लोंबत असतात."

"अन् आई?"

"आई दुसरीकडं."

"म्हणजे माझ्यासारखी. नाइट ड्यूटीवर." दोघं हसली. माडीवर त्यांची लेक धम्मशीला झोपलेली होती. तिला रोज निजवायचे ते विलासभाऊच.

नखाएवढ्या रंगीत बेडकांसाठी सिंधूने आपल्या लग्नातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या दिल्या. ड्यूटीवर घालता येत नसत म्हणून त्या बिस्किटांच्या डब्यातच पडून असायच्या. एका बांगडीवर दुसरी अलगद लागली की पाण्यावर लहान लहान घंटा वाजल्यासारखं वाटे. टेपवरच्या खऱ्या बेडकांशेजारी ते ऐकवलं, तर जेफ्रीला फरक सांगता आला नाही.

आणि मग तिसऱ्या भागाच्या शेवटी पाणी आलं.

दृश्य असं: भेगाळलेलं कोरडं पात्र. क्षितिजावरून एक चकाकती जीभ पुढे येते. मागे पाणीच पाणी. विलासभाऊंच्या अंगावर काटा आला. सबंध मालिकेची ही एंट्री! नाटकातल्या माणसाला विचारा, नायक रंगमंचावर यायचा आणि मागे ताशा नाही? त्यांनी तीन हौद उपडे केले, खडीवरून पाणी सोडलं, पत्रा हलवून खाली घरघर धरली. दिग्दर्शकाने पाठ थोपटली. प्रसारणाच्या दिवशी घरात शेजारपाजारची माणसं जमली होती. पाणी गर्जत आलं तसा सगळ्यांनी श्वास रोखला.

सिंधू डोळे मिटून बसली होती. "खोटं," ती म्हणाली.

लोक हसले. विलासभाऊ हसले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू कधी गेली आफ्रिकेत?"

"कोरड्या नहरात पाणी येताना मी पाहिलं आहे. उन्हाळी धानाला तलावाचं दार उघडायचे. आम्ही पोरी खाली नहरात अनवाणी उभ्या राहायचो, डोळे मिटून. पाणी पायाला लागायच्या ऐन आधी जी पाय उचलील ती जिंकली."

"मग? पाण्याचा आवाज ऐकूनच ना?"

"पाण्याला आवाज नसते जी. भुईला असते. ती पिते ना."

विलासभाऊ तीन दिवस बायकोशी बोलले नाहीत. एवढी वर्षं ती म्हणायची आणि ते सुधारायचे. ह्या वेळी सुधारायला जागा नव्हती. चित्र जगभर गेलं होतं.

दोन महिन्यांनी बोत्स्वानाहून पत्र आलं. मोथुसी नावाच्या माणसाचं. चित्रीकरणात त्याने कॅमेरेवाल्यांची होडी चालवली होती आणि माइकही धरला होता. त्याने साधं सरळ लिहिलं होतं: 'तुमचे हत्ती छान आहेत. हरणं ऐकून आमचा कुत्रा उठला. पण पाणी आलं तेव्हा माझी आई खूप हसली. म्हणाली, ही कुणाची नदी? आमची तर दार न वाजवता येते. माणूस तिच्यापुढे चालत राहिला तर ती त्याला गाठत नाही. आधी किडे पळतात, मग पक्षी येतात, मग जमीन बोलते. जूनमध्ये या. कान जमिनीला लावून ऐका.'

विलासभाऊंनी ते पत्र बायकोच्या हातात ठेवलं आणि चहा टाकायला गेले. माफी मागायची त्यांची ती पद्धत होती.

मग पत्रांचा सिलसिला सुरू झाला. मोथुसी हंगामाहंगामाला कळवायचा: पाणघोड्यांनी कुठली वाट मोकळी केली, कुठला प्रवाह लव्हाळ्यांनी बुजून मेला, पाणी पुलाखाली कोणत्या तारखेला पोचलं. एकदा त्याने बेटांची गोष्ट लिहिली. तिथली कितीतरी बेटं म्हणजे मुळात वाळवीची वारुळं. वारुळावर झाड येतं, झाडाभोवती बेट वाढतं. काठाकाठाची झाडं पाणी ओढून घेतात आणि मीठ मागे राहतं. ते वर्षानुवर्षं बेटाच्या पोटात साठतं. मग मधोमध काही उगवत नाही, नुसतं पांढरं टक्कल. पण ते तिथे साठतं म्हणूनच भोवतालचं पाणी गोडं राहतं.

सिंधूने ते दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "कोणीतरी मीठ पोटात घेते, तवा बाकीच्यायले गोड पाणी." आणि उठून युनिफॉर्मला इस्त्री करू लागली.

जूनमध्ये जायचंच, असं दर वर्षी ठरायचं. एका जूनला धम्मशीलाची परीक्षा, एका जूनला गावाकडे विलासभाऊंची आई गेली. मग स्टुडिओ बंद पडला. आवाज आता कॉम्प्युटरच्या पेटीतून मिळत होते, हौद आणि गमबूट कुणाला हवेत? तरी सिंधू निवृत्त झाली आणि दोघांनी वीस सालच्या जूनची तिकिटं खरोखर काढली. त्या वर्षी जगातली सगळी विमानं जमिनीवर उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षीच मोथुसीचं शेवटचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, ह्या वर्षी पाणी जवळजवळ आलंच नाही. पाणघोडे चिखलात एकमेकांवर चढून बसलेत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. त्यानंतर पत्र नाही. फोन लागत नाही.

आणि आता माती वाळत नव्हती.

बुधवारी सकाळी धम्मशीला हॉस्पिसमधून परस्पर घरी आली. स्टॉकपोर्टला शाळेत शिकवते ती. चाळीस वर्षांची, इथेच वाढलेली, मराठी थोडं मोडकं, डोळ्यांखाली काळं.

"बाबा, आई दोनदा जागी झाली. दोनदा तुमचा नाव घेतला. आणि तुम्ही इकडे माती बघत बसलाय!"

"वाळली नाही अजून."

"तिचे तास चाललेत, बाबा! अवर्स! मी काय सांगू तिला, की बाबा घरी चिखल करतोय?"

"तिनंच सांगितलं आहे."

"ती मॉर्फीनवर आहे! ती काल मला सिस्टर म्हणाली."

लेकीचं चुकत नव्हतं. तीन दिवसांतले किती तास त्या ट्रेला गेले ते विलासभाऊंनाही ठाऊक होतं. प्रत्येक तास मनाला टोचत होता. पण बायकोच्या उशाशी बसून हात धरणं कुणालाही जमतं. ही एक गोष्ट मात्र जगात दुसऱ्या कुणाला करता येणार नव्हती, आणि ह्या कामात तीस वर्षं त्यांच्या नावावर एक 'खोटं' उभं होतं.

त्यांनी ट्रे उचलला, ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर ठेवला आणि दार किंचित उघडं सोडलं. धम्मशीला तोंडात मारल्यासारखी बघत राहिली. तासाभराने बाहेर काढला तेव्हा माती फुटली होती. आडव्यातिडव्या भेगा, कडा वर वळलेल्या. म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"आता ऐक," ते म्हणाले. "मला नाही ऐकू येत."

"काय?"

"बारीक आवाज. आता नाही येत. यंत्र लावलं तरी नाही. बांगड्यासुद्धा नाही."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आयुष्यभर आवाज बनवणाऱ्या माणसाने लेकीकडे न बघता हे सांगितलं आणि चमच्याने भेगेच्या तोंडाशी पाणी सोडलं. धम्मशीला खाली वाकली. सवय नव्हती तरी तिने आईसारखे डोळे मिटले.

"काही नाही."

"थांब."

"काहीच नाहीये, बाबा... वेट. आहे. राइसच्या सीरियलवर दूध ओतल्यावर येतं ना, तसं. टिक, टिक. आणि मग कोणीतरी..." तिने डोळे उघडले. "कोणीतरी श्वास घेतल्यासारखं."

"पिते आहे ती," विलासभाऊ म्हणाले. "चल. कोट घाल."

हॉस्पिसच्या मॉरीन नावाच्या नर्सने मातीचा ट्रे, कॅसेटच्या फितीचं भेंडोळं आणि बिस्किटांचा डबा एकेक करून पाहिला. सिंधूने ज्यांना काम शिकवलं त्यांतली ती एक. सगळं ऐकून घेतलं, खोलीतली ऑक्सिजनची फुसफुस करणारी नळी तपासली, आणि म्हणाली, "दहा मिनिटं बंद ठेवायला हरकत नाही. तिला त्रास होणार नाही." मग विलासभाऊ चमच्याने पाणी घालू लागले तेव्हा तिने मान हलवली. "टपटप वाजेल." ती बाहेर गेली आणि सलाइनची पिशवी आणि कोरी नळी घेऊन आली. नळीचं टोक मातीवर टेकवलं, चकती किंचित फिरवली. एक थेंब न वाजता उतरला, तशी तिने चकती पुन्हा बंद केली. "सिस्टर मेश्राम नेहमी म्हणायच्या, ऐकणं सगळ्यात शेवटी जातं," असं हलकेच म्हणून मॉरीनने दार लोटून घेतलं.

दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीबाहेर मँचेस्टरचं राखाडी आभाळ. सिंधूचे डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, श्वास मधूनमधून अडखळत होता. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती.

विलासभाऊंनी फीत हातात घेतली. लव्हाळ्यांतून वारा गेला. मग काहीच नाही. स्टुडिओत दोन सेकंदांची शांतता त्यांना कधी सोसली नव्हती. नाटकात तर नाहीच. आज त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि थांबले. मग तूरडाळीचे चार दाणे कागदावरून सरकवले. किडे पळू लागले. ब्लँकेटच्या कडेला कोबीचं ओलं पान ठेवलं होतं, त्यावर दोन बोटं चालून गेली, कमळपक्षी आला. बांगडीला बांगडी लागली. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं, तिने ओठ घट्ट मिटून मान हलवली. वाजतंय.

मग त्यांनी नळीची चकती फिरवली.

पाणी ट्रेच्या एका टोकाला उतरलं. पहिली भेग काळी झाली. त्यांना तेवढंच दिसत होतं. त्यांनी बोटाचं टोक पुढच्या ढेकळावर ठेवलं. आतून एक बुडबुडा आला, फुटला, त्याचा इवलासा धक्का बोटाला लागला. मग दुसरा. आफ्रिकेत जूनमध्ये, मोथुसीच्या आईच्या अंगणासमोर, हेच होत असेल. लाखांदूरकडच्या नहरात हेच होत होतं. गर्जना नाही, ताशा नाही. पाणी पुढच्या भेगेत गेलं. ते सिंधूच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या ओठांवर दोनपैकी एक शब्द यायला हवा होता. 'खोटं' आला असता तरी त्यांनी तो डोक्यावर घेतला असता.

ओठ हलले नाहीत.

पाणी ट्रेच्या मधोमध आलं. धम्मशीला आईच्या पायांशी बसली होती, डोळे मिटून, ऐकत. आणि विलासभाऊंना चादरीखाली काहीतरी हललेलं दिसलं. उजवा पाय. टाच जराशी ओढली गेली, गुडघा तसूभर वर आला, तसाच राहिला, आणि मग हळूच खाली गेला.

"धम्मा," त्यांनी हाक मारली. "पाहिलं का?"

"काय, बाबा?"

"पाय."

"नाही. मी ऐकत होते."

मॉरीन आत आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं. तिने प्रेमानेच सांगितलं की ह्या अवस्थेत पाय असे हलतात, स्नायू ओढले जातात. त्याचा अर्थ असतोच असं नाही. विलासभाऊंनी मान डोलावली. नळी बंद केली, बांगड्या पुसून डब्यात ठेवल्या, आणि मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, दुसरं काहीही काम नसलेल्या माणसासारखे, बायकोचा हात हातात घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, बाहेर कचऱ्याची गाडी जात असताना, सिंधू गेली. हात त्यांच्याच हातात होता.

विहारात वंदना झाली. इस्पितळातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या, फुलं आली. घरी परतल्यावर धम्मशीलाने रेडिएटरवर परत आणून ठेवलेला ट्रे उचलला.

"बाबा, हे आता टाकू ना?"

"राहू दे दोन दिवस."

माती पुन्हा वाळली होती. भेगा पुन्हा पडल्या होत्या, मधल्या भागावर पांढरट थर चढला होता. धम्मशीलाने ट्रे होता तिथेच ठेवला आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. चहाचं पाणी उकळायला लागलं असावं. विलासभाऊंना काही ते ऐकू आलं नाही.

त्यांनी टेबलाशी बसून पॅड ओढलं. बोत्स्वानाचा तोच पत्ता, जिथून सहा वर्षांत उत्तर आलं नव्हतं. इंग्रजी अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येण्यासारखं होतं. मोथुसीला त्यांनी लिहिलं, की यंदाही आम्हाला यायला जमलं नाही. यापुढे जमणार नाही, कारण सिंधू गेली. तुमच्याकडे ह्या वर्षी पाणी पोचलं तर कळवा. आणि तुमच्या आईचं म्हणणं बरोबर होतं.

शेवटी एक ओळ त्यांनी मराठीत लिहिली. तिकडे ती कुणाला वाचता येणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

'पाणी लागायच्या आधी तिनं पाय उचलला.'